जे गेलं तेच वजा केलं

संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे 'नोकरीतल्या गमतीजमती' मागितल्या. मी म्हटलं, गमतीजमती फारशा आठवत नाहीत, राग मात्र पुष्कळ आठवतो. त्यावर त्या म्हणाल्या, "मग राग लिहा, पण खुसखुशीत लिहा." लिहिते. चकली खुसखुशीत व्हायची तर आधी तेल नीट तापावं लागतं, आणि माझ्या डोक्यात ते गेली काही वर्षं तापलेलंच आहे.

चेन्नईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या मेंदू-संशोधन विभागात मी सत्तावीस वर्षं संख्याशास्त्रज्ञ होते. नवऱ्याची रेल्वेत पेरंबूरला बदली झाली, पुण्याची एम.एस्सी. घेऊन मी त्याच्यामागे आले आणि चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका अजून विचारतात, "म्हणजे तुम्ही मेंदूचे फोटो काढायच्या?" नाही हो. फोटो काढायचे आमचे सेतूराव.

सेतूराव तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि येताना आणलेली मराठी या कुटुंबानं अजून वापरात ठेवली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी "जेवण झालें कीं, बाई?" असं विचारलं तेव्हा मला वाटलं, हे माझी चेष्टा करताहेत. एमआरआयचं मशीन त्यांच्या ताब्यात. माणसाला नळीत झोपवून ते त्याच्या मेंदूची चकत्याचकत्यांची चित्रं काढायचे, आणि त्या चित्रांवरून काँप्युटर मेंदूच्या एकेका भागाचा आकार मोजायचा. माझ्यापर्यंत चित्र यायचं नाही, माणूसही यायचा नाही. माझ्यापर्यंत यायचा तक्ता. एका माणसाची एक आडवी ओळ.

माझं काम सांगायला सोपं आहे. एका गटाचे मेंदू दुसऱ्या गटाच्या मेंदूंपेक्षा वेगळे आहेत का, एवढंच सांगायचं. पण माणसं वेगळी असायला शंभर कारणं असतात. वय वाढलं की मेंदू थोडा थोडा आक्रसतो, तुमचा, माझा, सगळ्यांचा. मोठ्या डोक्यात मेंदू मोठा असतो. एका गटात आजोबा आणि दुसऱ्या गटात नातवंडं घेतली तर फरक दिसणारच, आणि तो रोगाचा नसून वयाचा असणार. म्हणून वयाचा वाटा आधी काढून टाकायचा आणि उरेल त्याची तुलना करायची. ज्याचा वाटा काढायचा त्याला आम्ही कोव्हेरिएट म्हणतो आणि काढण्याच्या क्रियेला 'कंट्रोल करणं'. मराठीत पुस्तकी शब्द असतील, मी कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं तेल घ्यायला गेलं की दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, त्याचं वजन वजा करतो आणि मग तेल तोलतो. तेवढंच मी करत होते.

एक नमुना सांगते, म्हणजे गिऱ्हाइकं कशी असतात ते कळेल. एका तरुण डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं की संगीत शिकलेल्यांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग जाड असतो. मैलापूरच्या संगीतसभांमधून त्यांनी मृदंग आणि वीणा वाजवणारे विद्वान गोळा केले. तुलनेला घेतल्या इस्पितळातल्या नर्सेस आणि नवे डॉक्टर, कारण ते फुकट आणि हाताशी. निकाल उलटा आला. विद्वानांचाच मेंदू पातळ. डॉक्टर रडकुंडीला आले. मी वयाचा रकाना दाखवला. त्यांच्या विद्वानांपैकी एक गृहस्थ बहात्तर वर्षांचे होते, ज्यांनी नळीतून बाहेर आल्या आल्या सेतूरावांकडे तक्रार केली होती की तुमचं मशीन आठ मात्रांच्या आदि तालात सुरू होतं आणि मध्येच एक मात्रा खातं. आधी ठरल्याप्रमाणे वय वजा केल्यावर फरक नाहीसा झाला. मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता रोजच्या रियाजाचे तासही वजा करून बघू, रक्तदाब काढून बघू, काहीतरी निघेल."

मी कपाटातून माझं रजिस्टर काढलं. हे रजिस्टर मीच सुरू केलेलं. तक्ता उघडण्याआधी काय काय वजा करायचं ते त्यात शाईनं लिहायचं आणि दोघांनी सही करायची. एकदा निकाल पाहिला की बदल नाही. माल तोलून झाल्यावर काट्याला बोट लावायचं नाही, हे मी दर नव्या मुलामुलीला पहिल्या दिवशी ऐकवत असे. डॉक्टरांनी आपलीच सही बघितली आणि निघून गेले. त्यांचा निबंध कुठेच छापून आला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

अभिमानाची दुसरी गोष्ट म्हणजे माझी 'ओळ'. फार पूर्वी आमच्याकडे फेफऱ्याच्या रोग्यांचं एक काम चाललं होतं. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे मेंदू काही वर्षांनी ताडून बघायचे होते. या सगळ्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी स्मरणशक्तीची चाचणी दिलेली होती. मुळात कोण किती हुशार होतं तेही वजा करावं म्हणून मी काँप्युटरला द्यायची एक आज्ञा लिहिली: वय, डोक्याचा आकार, शिक्षण, चाचणीचे गुण. ते काम नावाजलं गेलं. मग जो तो तीच ओळ उचलायला लागला. पोरं तिला 'मॅडम लाइन' म्हणायची. नवा अभ्यास आला की रजिस्टरमध्ये नुसतं 'मॅडम लाइन' असं लिहायचं आणि सही. चाचणी शस्त्रक्रियेच्या आधीची होती ही गोष्ट कुणी कुठे लिहून ठेवली नाही. मीसुद्धा नाही. ओळ राहिली आणि तिचं कारण विसरलं गेलं.

आता खरी गोष्ट.

चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला गाड्यांचे भाग बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यातल्या एकात रंगखातं होतं. बंद खोलीत उभं राहून माणसं भागांवर फवाऱ्यानं रंग मारत. रंग पातळ करायला थिनर, हात धुवायला थिनर, फरशी पुसायलाही थिनर. कामगारांची तक्रार अशी की डोकं दुखतं, विसरायला होतं, चिडचिड होते. व्यवस्थापनाचं म्हणणं की हे दारूनं होतं. शेवटी तपासणीचं काम आमच्या विभागाकडे आलं. एका गटात रंगखात्यातले, दुसऱ्या गटात त्याच कारखान्याच्या स्टोअरमधले आणि जुळणीखात्यातले. वयं सारखी, शिक्षण सारखं, जवळजवळ सगळे आयटीआयवाले. रविवारी कारखान्याची बस त्यांना घेऊन यायची. एकाच दिवशी स्मरणशक्तीची चाचणी आणि नळीतली चित्रं.

त्यात एळुमलै नावाचा चव्वेचाळीस वर्षांचा माणूस होता. एकोणीस वर्षं फवारा हातात. त्यानं रंगखात्यातून बाहेर, माल पाठवण्याच्या खात्यात बदली मागितली होती आणि कारखान्यानं उत्तर दिलं होतं की इस्पितळाचा रिपोर्ट येऊ दे. रंगखात्यातल्या सगळ्यांचंच नशीब त्या रिपोर्टला बांधलेलं होतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला त्याचं नावही माहीत नव्हतं, फक्त क्रमांक.

त्या रविवारनंतर सेतूराव माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "बाई, एक मनुष्य आला होता. कोणता बटण दाबणें म्हणून तीनदा सांगितलें. तीन वेळां विसरला. दारूचा वास नाहीं. मला बरें वाटलें नाहीं."

मी मान वर न करता म्हटलं, "शेऱ्याच्या रकान्यात लिहा ना."

त्यांनी लिहिलं. शेऱ्याचा रकाना काँप्युटर वाचत नाही.

रजिस्टरमध्ये मी 'मॅडम लाइन' लिहिलं. सही केली. आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना इकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे 'चीफ' म्हणतात, त्यांनी सही केली. ओळ चालवली. रिपोर्ट गेला: वय, डोक्याचा आकार, शिक्षण आणि चाचणीचे गुण कंट्रोल केल्यावर दोन्ही गटांच्या मेंदूंमध्ये फरक आढळला नाही. मी चहा प्यायला गेले. कँटीनमध्ये त्या दिवशी भजी चांगली होती, हेही आठवतं, आणि आठवलं की माझीच मला चीड येते.

तीन महिन्यांनी कस्तुरी आली. एळुमलैची बायको. सरकारी शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची नोकरी करते. रजा टाकून दोन बस बदलून आली होती, आणि चौकशीच्या खिडकीवरून तिला चार ठिकाणी फिरवून शेवटी माझ्याकडे ढकललं होतं, कारण रिपोर्टवर खाली लहान अक्षरात माझं नाव होतं. तिचं बोलणं सगळं तमिळमध्ये, मी इथे मराठीत लिहिते आहे.

प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं रिपोर्टची झेरॉक्स काढली. "मॅडम, यात लिहिलंय की माझ्या नवऱ्याचा मेंदू स्टोअरवाल्यांसारखाच आहे. बदलीचा अर्ज परत आला. साहेब म्हणाले, तुझं डोकं ठीक आहे, दारू सोड."

"पितात का ते?"

"माझ्या लग्नापासून नाही." मग तिनं नेमणुकीचं पत्र बाजूला सारून दहावीची गुणपत्रिका काढली. गणितात वर्गात पहिला. "दोनशे रंगांची मापं त्याला तोंडपाठ होती. कुठला रंग किती, काळा किती थेंब, कागद बघायचा नाही. आता खिशात चिठ्ठी ठेवतो आणि चिठ्ठी खिशात आहे हे विसरतो. गेल्या महिन्यात शाळेतून मुलीला आणायला गेला आणि दुसऱ्याच शाळेच्या दारात उभा राहिला. तुमच्या कागदात हे कुठे गेलं?"

मी तिला खुर्ची दिली आणि समजावायला लागले. समजावण्याचा मला सराव होता. तेलाचा डबा सांगितला. वयाचं वजन काढतो, डोक्याच्या आकाराचं काढतो, शिक्षणाचं काढतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. वय काढलं ते तिला पटलं. मग मी म्हटलं, "आणि चाचणीचे गुण."

"कुठली चाचणी?"

"स्मरणशक्तीची. ते इथे आले त्या दिवशी घेतली ती."

तिनं झेरॉक्स पुढ्यात ओढून त्या शब्दांवर बोट ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं, "त्या दिवशी तर तो विसरायलाच लागला होता ना, मॅडम? म्हणजे जे गेलं तेच तुम्ही वजा केलं. आणि मग म्हणालात की काही गेलेलं नाही."

सत्तावीस वर्षांत इतक्या थोड्या शब्दांत माझी चूक मला कुणी दाखवली नाही. आमच्याकडे पीएचडी झालेली अकरा माणसं होती. त्या सगळ्यांनी तो रिपोर्ट वाचला होता. डब्याबरोबर मी तेलही वजा केलं होतं आणि डबा रिकामा आहे असं लेखी दिलं होतं. थिनरनं स्मरणशक्ती खाल्ली, त्यामुळे चाचणीचे गुण घसरले, आणि मी ती घसरणच त्यांच्या हिशेबातून काढून टाकली. मला तिच्यासमोर तोंड वर करवेना. "तुम्ही बरोबर बोलताय," मी म्हटलं. "मी चुकले." तिनं विजयाचा भाव वगैरे काही आणला नाही. तिनं विचारलं, "मग आता दुरुस्त कधी कराल? तो रोज त्या खोलीत जातोय."

ती गेल्यावर मी चाचणीचा शब्द ओळीतून खोडला आणि पुन्हा चालवलं. मिनिटभराचं काम. फरक समोर आला. आठवणी ज्या भागात साठतात तो भाग रंगखातेवाल्यांमध्ये लहान होता. पडद्यावरचा तो आकडा बघून मला माझाच इतका राग आला की मी कीबोर्ड ढकलला आणि चहाचा कप खाली पडला.

दुसऱ्या दिवशी चीफकडे गेले. ते वाईट मनुष्य नाहीत, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत असे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रजिस्टर कुणाचं, मॅडम?"

"माझं, सर."

"सही?"

"माझी. आणि तुमची."

"निकाल पाहिल्यावर बदल करायचा नाही हे मला कुणी शिकवलं, अम्मा?"

मी म्हटलं, तो नियम हवा तसा निकाल काढणाऱ्यांसाठी आहे, ही सरळसरळ चूक आहे. ते हसले. "तो मृदंगवाला डॉक्टरही हेच म्हणाला होता. तुम्ही त्याला दारातून परत पाठवलंत." मग पुढे म्हणाले, "आणि या लोकांचे गुण मुळातच कमी नसतील कशावरून? रंगखात्यात कोण जातं तुम्हाला माहीत आहे. आधी ते बरोबरीचे होते हे सिद्ध करा, मग बोलू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण जातं रंगखात्यात? गणितात वर्गात पहिला आलेला जातो. पण रागापेक्षा वाईट गोष्ट ही होती की अर्धा मुद्दा त्यांचा बरोबर होता. आधी हुशारी किती होती हे कळल्याशिवाय नंतरच्या घसरणीला पुरावा नाही. माझ्याच हातानं तयार केलेला सापळा, आणि आत मीच.

तेव्हा मला कस्तुरीच्या पिशवीतला आणखी एक कागद आठवला. नेमणुकीचं पत्र. कारखाना आयटीआयच्या मुलांची एकच प्रवेशपरीक्षा घ्यायचा, तिचे गुण पत्रावर छापायचा, आणि मग जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवायचा, कुणी रंगात, कुणी स्टोअरमध्ये. म्हणजे थिनरचा पहिला वास येण्याआधीचे गुण प्रत्येकाचे होते. मी कारखान्याच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, जुन्या फायली पुरात गेल्या. चेन्नईत हे उत्तर कुठल्याही ऋतूत चालतं.

मी कस्तुरीला फोन केला. संकोचानंच विचारलं, इतरांकडे ती पत्रं असतील का? ती म्हणाली, "आमच्याकडे कागद कुणी टाकत नाही, मॅडम. कागद टाकला की दुसऱ्या दिवशी तोच मागतात."

सात आठवडे ती शाळेतून सुटल्यावर घरोघर हिंडली. रंगखात्यातल्यांनी लगेच दिली. स्टोअरवाल्यांच्या बायका देईनात, त्यांना वाटलं आपल्या नवऱ्यांची नोकरी जाईल. ती तीन तीनदा गेली. एका बाईनं तिला दारातून हाकललं, ती पुढल्या रविवारी पुन्हा गेली. तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घालून तिनं पत्रं माझ्या टेबलावर आणून ठेवली तेव्हा सेतूराव तिथे होते. त्यांनी उठून हात जोडले. "अम्मा, आम्हीं करायचें काम तुम्हीं केलें," असं ते मराठीतच म्हणाले, आणि तिला ते कळलं असावं.

मी एकेका पत्रावरचा गुण स्वतः भरला. या वेळी पोरांना हात लावू दिला नाही. कामावर लागताना दोन्ही गट बरोबरीचे होते. रंगखातेवाले थोडे वरच. आजच्या चाचणीऐवजी ते जुने गुण ओळीत घातले, वय, डोकं, शिक्षण ठेवलं, रजिस्टरमध्ये कारणासकट चार पानं लिहिली, आधी काय केलं, का चुकलं, आता काय. मग चालवलं. फरक राहिला. कुठे गेला नाही.

आता सगळं मार्गी लागलं असेल असं तुम्हाला वाटेल. चीफनी चार पानं वाचली आणि सही न करता परत केली. म्हणाले, "विभागाची चूक झाली असं लिहायची गरज आहे का? पुढच्या निबंधात पुरवणी तक्ता म्हणून टाकू." पुढचा निबंध म्हणजे वर्ष-दीड वर्ष. मी एकटीची सही केली आणि इस्पितळाच्या नीतिसमितीकडे दिली. समितीची बैठक तीन महिन्यांनी एकदा. पहिल्या बैठकीला कोरम नव्हता. दुसऱ्या बैठकीत मला विचारलं की इतक्या वर्षांचा अनुभव असून अशी प्राथमिक चूक कशी झाली. मी म्हटलं, अनुभवामुळेच झाली. ते त्यांनी टिपून घेतलं, मला वाटतं माझ्याविरुद्ध. मधल्या काळात दर पंधरवड्याला कस्तुरीचा फोन यायचा. ती ओरडायची नाही. "झालं का, मॅडम?" एवढंच विचारायची, आणि मी "नाही" म्हणायचे. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या बैठकीत समितीनं दुरुस्ती मान्य केली. चीफ तिथे उठून बोलले की आमच्या विभागानं स्वतः होऊन ही त्रुटी शोधून काढली आणि पारदर्शकतेचा आदर्श घालून दिला. टाळ्या झाल्या. मीही तिथेच बसले होते. मी उठून कस्तुरीचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. बैठक संपत होती, चहा आला होता, चीफनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी बसून राहिले. इतर रागांना वाटेकरी आहेत, या एकाला नाही.

दुरुस्त रिपोर्टनंतर कारखान्यानं रंगखात्यात हवा खेचणारे पंखे बसवले, तोंडावर लावायची नीट साधनं दिली, जुन्या माणसांना हळूहळू दुसरीकडे हलवलं. एळुमलै माल पाठवण्याच्या खात्यात गेला, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. कस्तुरी पहिल्यांदा माझ्याकडे आली त्या दिवसापासून त्याच्या बदलीपर्यंत अकरा महिने गेले. पहिल्या रिपोर्टपासून धरले तर चौदा. आठवड्याचे सहा दिवस तो त्या खोलीत उभा होता. त्यातले किती दिवस माझे, किती चीफचे, किती पुरात गेलेल्या फायलींचे, हे वेगळं करायची रीत मला येत नाही. मला सगळे माझेच वाटतात.

हल्लीची मुलं माझ्यापेक्षा फार हुशार आहेत. त्यांच्याकडे वजा करायच्या गोष्टींची यादी पडद्यावरच येते, चौकटीत खूण करायची की झालं. वीस चौकटी असल्या तर वीस खुणा. जितकं जास्त कंट्रोल तितकं शास्त्र शुद्ध, अशी समजूत. कुणी विचारलं तर मी एकच सांगते: खूण करण्याआधी स्वतःला विचारा, ही गोष्ट दुखापतीच्या आधीची आहे की दुखापतीनं झालेली? आधीची असेल तर वजा करा. झालेली असेल तर हात लावू नका. हे सांगितलं की ती माना डोलावतात आणि टिपून घेत नाहीत.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. दुरुस्त रिपोर्ट मी तमिळमध्ये करून घेतला होता. श्रीपेरुंबुदूरच्या पुढे एका गल्लीत दोन खोल्या. एळुमलै दारातच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला त्याचा क्रमांक पाठ होता, चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते. कस्तुरीनं कॉफी दिली. मी वाचायला सुरुवात केली. तो हात मांडीवर ठेवून ऐकत होता. रंगखात्यातल्या कामगारांच्या मेंदूत घट आढळली, ती वयामुळे नाही, शिक्षणामुळे नाही, कामावर लागतानाच्या बुद्धीमुळे नाही, इथवर आले तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"म्हणजे मी दारू पीत होतो असं नाही?"

"नाही."

"आळशीपणाही नाही?"

"नाही, एळुमलै. काम करून झालंय हे."

त्यानं डोळे पुसले, बायकोकडे बघितलं, म्हणाला, "ऐकलंस?" ती म्हणाली, ऐकलं. मग आम्ही मुलीच्या शाळेचं बोललो, उन्हाचं बोललो, बसच्या वेळांचं बोललो. अर्ध्या तासानं मी उठले. तो मला पोचवायला दारापर्यंत आला, माझी पर्स माझ्या हातात दिली आणि आदबीनं, थोडं घाबरत विचारलं, "मॅडम, त्या रिपोर्टचं काही कळलं का? ते म्हणतात मी पितो."

कस्तुरी माझ्याकडे बघत नव्हती. मी चपला काढल्या, आत जाऊन त्याच जागी बसले, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.